पार्सल हरवलं: रिफंड कधी, किती आणि कोणत्या वाटेने

ट्रॅकिंग चार दिवस जागचं हललेलं नसतं, ग्राहकाचा तिसरा मेसेज येऊन पडलेला असतो, आणि विक्रेता कुरिअरचं ‘चौकशी सुरू आहे’ हे उत्तर जसंच्या तसं पुढे पाठवून मोकळा होतो. घोळ इथूनच सुरू होतो. ग्राहकाने पैसे तुम्हाला, म्हणजे विक्रेत्याला, दिलेत आणि कुरिअर नेमलंय तुम्ही. त्यामुळे ग्राहकाला द्यायचा रिफंड आणि कुरिअरकडून वसूल करायचा क्लेम ही दोन वेगळी खाती आहेत. पहिलं काही दिवसांत मिटवायचं असतं. दुसरं आठवडे, कधी महिने चालतं आणि शेवटी हातात बऱ्याचदा अर्धेमुर्धेच पैसे पडतात. ‘क्लेम पास झाला की तुमचे पैसे देतो’ म्हणणारा विक्रेता आपलं लोढणं ग्राहकाच्या गळ्यात अडकवतो. मग ग्राहक बँकेकडे जातो आणि तिसरंच खातं उघडतं, चार्जबॅकचं, म्हणजे बँकेने ग्राहकाच्या तक्रारीवरून तुमच्याकडून पैसे परत काढून घेण्याचं. तिन्हींत महाग तेच.

बऱ्याच देशांत ग्राहक कायद्याची भूमिकाही अशीच आहे: माल ग्राहकाच्या ताब्यात जाईपर्यंत जोखीम विक्रेत्याची. ‘पार्सल आमच्याकडून निघालं की आमची जबाबदारी संपली’ ही ओळ वेबसाइटवर कितीही ठळक छापली तरी किरकोळ ग्राहकापुढे ती बहुधा टिकत नाही. ती काढून टाकलेली बरी. भांडणात ती तुमच्याच विरुद्ध वाचून दाखवली जाते.

हरवलं, पण कुठवर जाऊन?

पुढचं सगळं शेवटच्या स्कॅनवर ठरतं. ऑर्डर कधी आली हे ग्राहक मोजतो. तुम्ही शेवटचा स्कॅन कुठे आणि कधी झाला तिथून मोजायला लागा.

लेबल तयार आहे पण पिकअपचा स्कॅनच नाही, असं असेल तर कुरिअरच्या लेखी ते पार्सल त्यांच्याकडे आलेलंच नाही. आधी आपलं पॅकिंगचं टेबल, त्याच्या खालची जागा आणि रिकाम्या खोक्यांचा ढीग बघा. मग त्या दिवसाच्या सगळ्या ऑर्डर तपासा, कारण एकाच मापाच्या दोन पाकिटांची लेबलं अदलाबदल होणं हा नेहमीचा प्रकार आहे. तसं झालं असेल तर दोन दिवसांत दुसऱ्या कुणाचा तरी ‘मला भलतंच आलंय’ असा मेसेज येतो. पिकअपला आलेल्या माणसाने मॅनिफेस्टवर (दिलेल्या पार्सलांच्या यादीवर) नग मोजून, आकडा आणि वेळ लिहून सही केलेली असेल तर क्लेमला आधार असतो. नुसती सही असेल आणि आकड्याची जागा कोरी असेल, तर त्या कागदाचा उपयोग शून्य. पिकअपवाल्याला घाई असतेच, तरीही प्रत्येक नग समोर स्कॅन करून घ्यायचा.

दोन हबच्या (कुरिअरच्या वर्गीकरण केंद्रांच्या) मध्ये अडकलेली पार्सलं बहुतेक वेळा हरवलेली नसतात. गोणीची गाडी चुकते, गोणी भलत्याच हबला उतरते, किंवा बाहेर जाताना स्कॅन राहतो आणि पार्सल पुढच्या ठिकाणी अचानक उगवतं. खरोखर हरवण्याची कारणं अगदी साधी असतात. जुनं खोकं पुन्हा वापरलं आणि त्याच्यावरचा जुना बारकोड तसाच राहिला, की मशीन कधी हा वाचतं, कधी तो. लेबल खोक्याच्या काठावर किंवा जोडावर चिकटवलं की पहिल्याच घासटीत सुटतं. बारकोडवर चकचकीत सेलोटेप लावली की स्कॅनरचा उजेड परततो आणि वाचन चुकतं. शिवाय थर्मल कागदावरची छपाई काही टेपच्या गोंदाने फिकी पडते आणि उन्हात तापून सगळाच कागद काळा पडतो. पातळ प्लॅस्टिकची पाकिटं एकमेकांना चिकटून एकाच स्कॅनवर दोन निघून जातात, नाहीतर माल वाहणाऱ्या पट्ट्याच्या फटीत सरकतात.

यातल्या निम्म्या कारणांवर एकच उतारा आहे: पार्सलच्या आत, मालाच्या वर, एक चिठ्ठी. तिच्यावर ऑर्डर क्रमांक, पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता, फोन. लेबल सुटलेलं पार्सल बेवारस विभागात जातं आणि तिथे ते उघडून बघतात. आत चिठ्ठी असेल तर ते परत वाटेला लागतं. नसेल तर तुमची चौकशी आणि त्यांचा माल एकमेकांना कधी भेटतच नाहीत. चौकशी नोंदवतानाही ‘कपडे’ असं लिहून भागत नाही. ‘गडद निळा सुती कुर्ता, पांढरी नक्षी, पारदर्शक पिशवीत, वर पिवळं स्टिकर’ असं लिहिलं तर शोधणाऱ्याला काहीतरी धरायला मिळतं.

‘आउट फॉर डिलिव्हरी’ झालं आणि मग शांतता, ही वाचवता येण्यासारखी अवस्था आहे. बऱ्याचदा शेरा असतो ‘ग्राहकाने फोन उचलला नाही’ किंवा ‘पत्ता अपूर्ण’. त्याच दिवशी ग्राहकाशी बोला, खूण आणि घरी असण्याची वेळ घ्या आणि ती लेखी कुरिअरकडे द्या. दोन दिवस गेले की पार्सल परतीच्या रांगेत लागतं आणि मग ते थांबवणं अवघड.

परतीच्या वाटेवर हरवलेली पार्सलं मात्र कुणाच्याच लक्षात राहत नाहीत. ग्राहकाने घ्यायला नकार दिला, माल तुमच्याकडे परत निघाला आणि पोचलाच नाही, तर तक्रार करणारा कुणीच नसतो. क्लेमची मुदत गुपचूप उलटून जाते. परतीला लागलेल्या पार्सलांची वेगळी यादी ठेवून आठवड्यातून एकदा तिच्यावर नजर टाकली नाही, तर हा तोटा हिशेबात दिसतच नाही. वर्षाअखेरीला स्टॉक जुळत नाही एवढंच कळतं.

परदेशी टपालाचं एक वेगळं. जागतिक टपाल संघाच्या एस-१० पद्धतीचा क्रमांक १३ खुणांचा असतो: दोन अक्षरं, आठ आकडे, एक तपासणी आकडा आणि शेवटी पाठवणाऱ्या देशाची दोन अक्षरं. तपासणी आकडा घरबसल्या पडताळता येतो. आठ आकड्यांना अनुक्रमे ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ ने गुणायचं, बेरीज करायची, ११ ने भागून उरलेली बाकी ११ मधून वजा करायची. उत्तर १० आलं तर ०, ११ आलं तर ५ धरायचं. उदाहरणार्थ १०२०३०४० ची बेरीज ६१, बाकी ६, म्हणून नववा आकडा ५. ग्राहक ‘ट्रॅकिंग चालत नाही’ म्हणतो तेव्हा क्रमांक टाइप करताना चुकलाय का, हे यावरून चटकन कळतं. सीमा ओलांडल्यावर पाठवणाऱ्या देशाच्या साइटवरचं ट्रॅकिंग थांबलं तर तोच क्रमांक पोचणाऱ्या देशाच्या टपाल खात्याच्या साइटवर टाकून बघा. आणि कस्टममध्ये अडकलेलं पार्सल हरवलेलं नसतं. तिथे बऱ्याचदा ग्राहकाकडून शुल्क किंवा कागद यायचे राहिलेले असतात.

थांबायचं किती

‘हरवलं’ असं कुणीतरी अधिकृतपणे जाहीर करेल म्हणून वाट बघू नका. कुरिअर स्वतःहून तसं फार क्वचित म्हणतं. आंतरराष्ट्रीय करारांत याच्या व्याख्या आहेत. विमानाने जाणाऱ्या मालासाठी १९९९ च्या माँट्रियल करारात, माल पोचायला हवा होता त्या दिवसापासून सात दिवस उलटले की हक्क सांगता येतो. रस्त्याने देश ओलांडणाऱ्या मालासाठी १९५६ चा सीएमआर करार आहे: ठरलेल्या मुदतीनंतर ३० दिवस, आणि मुदत ठरलेलीच नसेल तर माल ताब्यात घेतल्यापासून ६० दिवस. ग्राहकाला साठ दिवस थांबवणं अर्थातच शक्य नाही. या मुदती क्लेमच्या खात्यातल्या.

ग्राहकाच्या खात्यासाठी आपलं वेळापत्रक आपणच ठरवून ते आधीच जाहीर करायचं. देशांतर्गत पार्सलासाठी माझं मत असं: दिलेल्या तारखेनंतर कामाचे तीन दिवस गेले की कुरिअरकडे लेखी चौकशी, सात दिवस गेले की ग्राहकाला रिफंड किंवा बदली पार्सल यातलं एक. परदेशी पार्सलासाठी दहा आणि तीस. वस्तू एखाद्या ठरावीक तारखेसाठी हवी असेल आणि ती तारीख उलटली असेल, तर सात दिवसही थांबू नका. तेव्हा ग्राहकाला वस्तू नकोच असते.

पहिल्याच उत्तरात तारीख द्या. माफीच्या चार ओळींपेक्षा ती जास्त काम करते. साधारण असं:

‘तुमचं पार्सल मंगळवारी रात्री हबमध्ये स्कॅन झालं, त्यानंतर त्याची नोंद नाही. आज आम्ही कुरिअरकडे चौकशी नोंदवली आहे. शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत ते हललं नाही तर आम्ही ते हरवलं असं धरू आणि तुम्ही सांगाल त्याप्रमाणे पूर्ण पैसे परत करू किंवा तीच वस्तू पुन्हा पाठवू. तुम्हाला कुरिअरला फोन करायची गरज नाही.’

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. कुरिअर ग्राहकाला ‘पाठवणाऱ्याशी बोला’ म्हणतं, तुम्ही ‘कुरिअरशी बोला’ म्हणता, आणि चेंडू झालेला माणूस बँकेचा नंबर शोधायला लागतो.

‘डिलिव्हर्ड’ दिसतंय, पण मिळालं नाही

सगळ्यांत नाजूक प्रकार हाच, कारण इथे दोघांपैकी कुणीतरी खोटं बोलतंय असं लगेच वाटायला लागतं. बऱ्याचदा कुणीच बोलत नसतं. डिलिव्हरी करणाऱ्यावर दिवसाचं टार्गेट असतं. तो संध्याकाळी उरलेली पार्सलं ‘दिली’ म्हणून नोंदवतो आणि दुसऱ्या दिवशी खरोखर देतो. म्हणून आधी २४ ते ४८ तास थांबा आणि तेवढ्या वेळात ग्राहकाला घरातले, शेजारी, पहारेकरी, ऑफिसचं टपाल टेबल हे विचारायला सांगा. सांगताना ‘बहुतेक वेळा तिथेच सापडतं’ असं म्हणा. ‘तुम्ही नीट बघितलंत का’ असं विचारू नका.

त्याच तासाला कुरिअरकडे पीओडी (प्रूफ ऑफ डिलिव्हरी, म्हणजे पार्सल दिल्याचा पुरावा) मागा. नुसती पीओडी शीट नको. सही कुणाची, नाव काय, ओटीपी घेतला असेल तर तो कोणत्या वेळी पडताळला, फोटो असेल तर मूळ फोटो, आणि स्कॅन झाला त्या जागेचे जीपीएस अक्षांश-रेखांश. जीपीएस दोन-तीनशे मीटर लांब दाखवत असेल तर पार्सल चुकीच्या घरी गेलंय किंवा गाडीत बसूनच नोंद झाली आहे. फोटोतला दरवाजा ग्राहकाला दाखवला तर ‘हे आमचं दार नाही’ एवढ्या एका वाक्यात प्रश्न मिटतो. हा डेटा मागायला उशीर करू नका. तो कायमचा साठवून ठेवलेला नसतो.

नंतर ग्राहकाकडून लेखी ‘मिळालं नाही’ असं निवेदन घ्या: नाव, ऑर्डर क्रमांक, पत्ता, तारीख, सही. क्लेमला ते लागतंच, आणि खोटं बोलणारे बरेचसे याच पायरीला गळतात. मात्र प्रामाणिक माणसाला ही चौकशी वाटू नये म्हणून ‘कुरिअरकडे दावा करण्यासाठी लागतं’ असं खरं कारण सांगा.

रिकामं किंवा अर्धं खोकं आलं अशी तक्रार असेल तर वजन हा एकमेव साक्षीदार. इथे एक फसगत आहे. कुरिअरच्या बिलात जे वजन दिसतं ते बऱ्याचदा व्हॉल्युमेट्रिक असतं: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकाराला ५००० ने भागलेलं. ३० × २० × १५ चं खोकं म्हणजे १.८ किलो, मग आत काही असो वा नसो. म्हणून हबमधल्या काट्यावरचं प्रत्यक्ष वजन मागा आणि ते पॅकिंगच्या वेळी तुम्ही घेतलेल्या वजनाशी ताडा. पॅक करताना काट्यावर ठेवलेलं, लेबल आणि आकडा दोन्ही दिसतील असं बंद खोक्याचं छायाचित्र काढायला पाच सेकंद लागतात. या विषयातला इतका स्वस्त विमा दुसरा नाही.

पैसे की पुन्हा माल

निवड ग्राहकाची, पण दोन्हीचा हिशेब तुम्हाला पाठ हवा. समजा वस्तू १०० ला विकली, तुम्हाला ६० ला पडली, पाठवणावळ १० आणि पेमेंट गेटवेचे (ऑनलाइन पैसे भरून घेणाऱ्या सेवेचे) २. रिफंड दिला तर ६० + १० + २, म्हणजे ७२ गेले, कारण गेटवे आपली फी बहुधा परत करत नाही. बदली पार्सल पाठवलं तर १०० हातात आहेत, खर्च १४० + २, म्हणजे तोटा ४२. फरक ३०, म्हणजे नेमका दुसऱ्या विक्रीवरचा नफा. त्यामुळे ग्राहक तयार असेल तर बदली पार्सल स्वस्त पडतं, आणि त्यालाही हवी ती वस्तू मिळते.

तीन प्रसंगी मात्र बदली पाठवू नका: स्टॉक शेवटचा आणि संशयास्पद असेल तेव्हा, त्याच पत्त्यावर त्याच कुरिअरने आधी एकदा हरवलं असेल तेव्हा, आणि ‘डिलिव्हर्ड’ दिसूनही जीपीएस बरोबर असेल तेव्हा. दुसऱ्या प्रसंगात कुरिअर बदला किंवा ग्राहकाला केंद्रावरून उचलायला सांगा. तिसऱ्यात, पाठवायचंच ठरवलं तर ओटीपी किंवा सहीशिवाय नको. बदली पार्सलासाठी शून्य किमतीची नवी ऑर्डर तयार करा. जुन्याच ऑर्डरवर नवं ट्रॅकिंग चिकटवलं तर क्लेमच्या वेळी कुठलं पार्सल हरवलं हेच सिद्ध करता येत नाही.

विम्याबद्दल याच आकड्यांवर विचार करा. दोनशेत एक पार्सल हरवत असेल आणि प्रत्येक वेळी ७२ जात असतील, तर दर पार्सलामागे तोटा ०.३६. सरसकट विम्याला पार्सलामागे २ मोजत असाल तर तोट्याच्या साडेपाचपट विम्यात घालताय. एखादा आकडा ठरवा, ज्याच्यावरचं नुकसान तुमच्या महिन्याला जाणवेल, आणि त्याच्या वरच्याच पार्सलांचा विमा उतरवा. खालच्यांसाठी दर ऑर्डरमागे थोडं बाजूला टाकत राहा.

रिफंड कोणत्या वाटेने

पैसे ज्या वाटेने आले त्याच वाटेने परत. कार्डचे कार्डवर, वॉलेटचे वॉलेटवर. ग्राहक घाईने ‘माझ्या खात्यात टाका’ म्हणाला तरी नाही. बाहेरून केलेलं ट्रान्सफर मूळ व्यवहाराला जोडलेलं नसतं. उद्या कार्डवर चार्जबॅक आला तर बँकेला तुमचा रिफंड दिसत नाही आणि तुम्ही दोनदा पैसे भरता. कॅश ऑन डिलिव्हरीचं पार्सल वाटेत हरवलं तर ग्राहकाला द्यायचं काहीच नसतं, फक्त ऑर्डर रद्द झाल्याचं कळवायचं आणि क्लेम लावायचा. काही कारणाने खाते क्रमांक घ्यावाच लागला तर तो गेटवेच्या पेआउट लिंकवर ग्राहकालाच भरू द्या. चॅटवर कार्ड नंबर किंवा ओटीपी कधीच मागू नका. रिफंडच्या नावाने लुबाडणारे नेमकं तेच मागतात.

रक्कम म्हणजे ग्राहकाने प्रत्यक्ष भरलेली सगळी रक्कम, पाठवणावळ धरून. कूपन वापरलं असेल तर सवलतीनंतरची रक्कम, आणि कूपन पुन्हा चालू करून द्या. काही भाग गिफ्ट कार्डने भरला असेल तर तेवढा गिफ्ट कार्डवर. तीन वस्तूंच्या ऑर्डरमधली एकच हरवली तर तिची किंमत, तिच्यावरचा कर आणि तिच्यामुळे वाढलेली पाठवणावळ. ‘तीन घेतल्यास सूट’ होती म्हणून उरलेल्या दोन वस्तूंवरची सूट काढून घेऊ नका. चूक ग्राहकाची नाही. परकीय चलनात रिफंड मूळ चलनातच करा. दर बदलल्यामुळे ग्राहकाच्या स्टेटमेंटवर आकडा थोडा वेगळा दिसू शकतो, ते आधीच सांगा. आणि क्रेडिट नोट (विक्रीचं बिल रद्द किंवा कमी केल्याचा कागद) काढायला विसरू नका, नाहीतर न झालेल्या विक्रीवर कर भरत बसाल.

व्यवहार अजून सेटल झाला नसेल, म्हणजे पैसे ग्राहकाकडून प्रत्यक्ष वळते झाले नसतील, तर रिफंडऐवजी व्हॉइड करा, म्हणजे मूळ व्यवहारच रद्द करा. अडकवून ठेवलेली रक्कम मोकळी होते आणि काही ठिकाणी फीसुद्धा वाचते. सेटल झालेल्या कार्ड रिफंडला ग्राहकाच्या खात्यात दिसायला साधारण कामाचे पाच ते दहा दिवस लागतात. ‘केला’ एवढंच लिहून थांबू नका. तारीख, रक्कम आणि एआरएन हा रिफंडचा माग काढायचा २३ आकडी क्रमांक कळवा. तो घेऊन ग्राहक स्वतःच्या बँकेत विचारू शकतो.

चार्जबॅक आधीच आला असेल तर हात आवरा. वर रिफंड करू नका. एकतर चार्जबॅक मान्य करा, नाहीतर पुराव्यासह उत्तर द्या. ‘माल मिळाला नाही’ यासाठी व्हिसा कार्ड कंपनीचा कोड १३.१ आहे. ग्राहकाला साधारण १२० दिवसांची मुदत असते आणि ती माल मिळायला हवा होता त्या दिवसापासून मोजली जाते, मूळ व्यवहारापासून मात्र ५४० दिवसांच्या आत. पेपालवर पैसे भरल्यापासून १८० दिवसांत वाद उघडता येतो आणि तो २० दिवसांत क्लेममध्ये बदलला नाही तर बंद होतो. म्हणजे ऑर्डरचे कागद दोन महिन्यांनी फेकून देऊन चालत नाही. उत्तरात भावनिक पत्र नको. ट्रॅकिंग, पीओडी, पत्त्याचं जुळणं आणि ग्राहकाशी झालेलं बोलणं, तारखांच्या क्रमाने, दोन-तीन पानांत. माल पोचल्याचा पुरावा तुमच्याकडे नसेल तर लढू नका. वेळही जातो आणि फीही.

क्लेम: कागद आधी, राग नंतर

लागणारे कागद बहुतेक ठिकाणी तेच: ट्रॅकिंग क्रमांक, विक्रीचं बिल, तुम्ही माल घेतल्याचं किंवा बनवल्याचा खर्च दाखवणारं बिल, पॅकिंगचे फोटो, वजन, पिकअपची नोंद, ग्राहकाचं निवेदन आणि मागितलेल्या रकमेचं पत्र. खरेदीचं बिल यासाठी की बरीच कुरिअर विक्रीची किंमत देतच नाहीत. प्रत्यक्ष किंमत, जाहीर केलेली किंमत आणि करारातली मर्यादा यांपैकी जी कमी असेल ती मिळते. पाठवणावळ वाचवायला किंवा कस्टम टाळायला जाहीर किंमत कमी लिहिली असेल तर क्लेमही तेवढाच.

मर्यादा वजनावर असते तेव्हा तर हसू येतं. माँट्रियल करारात २८ डिसेंबर २०२४ पासून मर्यादा किलोला २६ एसडीआर आहे; एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. ४०० ग्रॅमच्या फोनला १०.४ एसडीआर. फोनच्या किमतीपुढे हे काहीच नाही. हलकी आणि महाग वस्तू पाठवताना जादा पैसे भरून किंमत जाहीर करायची, ती याचसाठी.

क्लेम फेटाळले जाण्याची कारणं ठरलेली आहेत: मुदत उलटली, बिलाची तारीख बुकिंगच्या नंतरची, माल बंदी यादीतला, ‘दाराशी ठेवा’ अशी सूचना ग्राहकानेच दिलेली. मुदत कुठून मोजतात ते करारात बघा. कुणी बुकिंगच्या दिवसापासून मोजतं, कुणी पोचायच्या तारखेपासून. टपालाने गेलेल्या परदेशी पार्सलाची चौकशी, पाठवल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सहा महिन्यांच्या आत करावी लागते. अॅग्रिगेटरमार्फत (अनेक कुरिअरची सेवा एकाच जागी विकणाऱ्या मध्यस्थामार्फत) पाठवत असाल तर तुमचा करार कुरिअरशी नसतो, अॅग्रिगेटरशी असतो, आणि त्यांची मुदत कुरिअरपेक्षा कमी असू शकते कारण त्यांना पुढे दावा करायला वेळ हवा असतो. कुरिअरच्या कस्टमर केअरला केलेले फोन तिथे धरले जात नाहीत. प्रत्येक गोष्ट त्यांच्या पॅनलवर तिकीट काढूनच.

लबाडीचे नमुने

सरसकट संशय घेतला तर चांगले ग्राहक जातात. एक साधी वही किंवा शीट पुरते: ऑर्डर, पत्ता, फोन, कुरिअर, हब, शेवटचा स्कॅन, निकाल. तीन महिन्यांनी ती पत्त्यानुसार आणि मग हबनुसार लावून बघा. एकाच हबवर पार्सलं अडकत असतील तर चोर ग्राहकांत नाही. एकाच पत्त्यावर वेगवेगळ्या नावांनी तीनदा ‘मिळालं नाही’ आलं असेल तर पुढची ऑर्डर ओटीपीनेच द्या. पार्सल निघाल्यावर आलेली ‘पत्ता बदला’ ही विनंती मान्य केली तर पत्ता जुळण्याचा पुरावा गेलाच म्हणून समजा. त्यापेक्षा ऑर्डर रद्द करून नवी घ्या.

परतीच्या मालात एक चलाख प्रकार चालतो. ग्राहक तुमचं रिटर्न लेबल खाडाखोड करून त्याच भागातल्या दुसऱ्याच पत्त्यावर हलकं पाकीट पाठवतो. बारकोड खरा असल्यामुळे ट्रॅकिंगवर ‘डिलिव्हर्ड’ दिसतं आणि तुमची यंत्रणा आपोआप रिफंड सोडते. तुमच्याकडे मात्र काहीच येत नाही आणि तुम्हाला वाटतं गोदामात हरवलं. उपाय सोपा आहे. परतीचा रिफंड ट्रॅकिंगवर सोडायचा नाही; माल टेबलावर येऊन वजन झाल्यावरच सोडायचा.

आणि मग ते सापडतं

रिफंड दिल्यावर वीस दिवसांनी पार्सल ग्राहकाच्या दारात उभं राहतं, असं होतंच. रिफंड देतानाच एक ओळ घाला: ‘हे पार्सल पुढे कधी आलं तर ते घेऊ नका, किंवा घेतलंत तर आम्हाला कळवा, परत न्यायचा खर्च आमचा.’ कुरिअरला त्याच दिवशी ‘पाठवणाऱ्याकडे परत’ अशी सूचनाही द्या. ग्राहकाने ते ठेवून घेतलं तर त्याच्या कार्डवर परस्पर पुन्हा रक्कम लावू नका. नवी पेमेंट लिंक पाठवा. वस्तू स्वस्त असेल आणि परत आणायचा खर्च तिच्या किमतीच्या आसपास जात असेल, तर सोडून द्या आणि तसं स्पष्ट सांगा.

क्लेमचे पैसे तुम्हाला आधीच मिळालेले असतील तर सापडलेल्या मालावरचा हक्क बहुतेक करारांत कुरिअरकडे किंवा विमा कंपनीकडे जातो. तो गुपचूप विकून टाकू नका. कळवा, पैसे परत द्या किंवा माल सोडा. तुमच्याकडे परत आलेलं खोकं उघडायच्या आधी वजन करा, लेबलासह सहाही बाजूंचे फोटो काढा, मगच आत बघा. आत मुदतीचा माल असेल तर तारीख तपासल्याशिवाय तो स्टॉकमध्ये चढवू नका.